आधी खेळ, मग यंत्र

संगणक विकत घेणे वेगळे आणि संगणक निवडणे वेगळे. विकत घ्यायला पैसे लागतात. निवडायला मात्र पैसे कुठे खर्च करायचे नाहीत हे कळावे लागते. आमच्या नात्यातली मुले दर पाच-सहा वर्षांनी एकच विषय काढत आली आहेत : गेम खेळायला चांगला कॉम्प्युटर हवा. मग कागदावर यादी होते, यादीसमोर आकडे पडतात, बेरीज ऐपतीबाहेर जाते आणि खोडाखोड सुरू होते. घरातल्या मोठ्यांना ही यादी म्हणजे लाडावलेल्या पोराचा हट्ट वाटतो. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. मला त्या खोडाखोडीत चांगला चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा इतिहास दिसतो. तो आज सांगते.

मुळात अशी यादी करता येते हेच नवल आहे. टीव्ही घेताना आपण पडदा एका कंपनीचा आणि आतले सर्किट दुसऱ्या कंपनीचे असे सांगत नाही. फ्रिज, मिक्सर, स्कूटर हे सारे कंपनीने दिले तसे मुकाट्याने घरी आणतो. संगणकाचे तसे झाले नाही, याचे कारण आयबीएमची घाई. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. फ्लोरिडातल्या बोका रेटन इथल्या एका छोट्या गटाने तो साधारण वर्षभरात उभा केला होता. वेळ नव्हता, म्हणून सगळे घरीच घडवण्याऐवजी त्यांनी बाजारात मिळणारे भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा, आज्ञाप्रणाली मायक्रोसॉफ्टची. आत जास्तीची कार्डे बसवायला पाच खाचा ठेवल्या आणि सर्किटच्या आकृत्या असलेले पुस्तकही विक्रीला ठेवले. म्हणजे वाड्याचा दरवाजा उघडा ठेवून वर नकाशाही वाटला!

गंमत म्हणजे या पहिल्या पीसीच्या गिऱ्हाइकालाही निवड करावीच लागे. चित्र पडद्यावर आणणारी दोन कार्डे होती. एकावर अक्षरे सुबक, ठसठशीत दिसत, पण ते अक्षरांपलीकडे काही काढू शकत नसे. दुसऱ्यावर अक्षरे ओबडधोबड, पण आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके, चार रंगांत. हिशेबनिसाने पहिले घ्यावे, खेळणाऱ्याने दुसरे. "या यंत्राचे तुम्ही करणार काय?" हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत बदललेला नाही. बदलत गेले ते उत्तर.

आयबीएमने एकच गोष्ट कुलुपात ठेवली होती. यंत्र सुरू होताना जो मूळ प्रोग्राम चालतो, तो बायॉस, कॉपीराइटने राखलेला होता. कॉम्पॅक या नव्या कंपनीने त्यातून कायदेशीर वाट काढली. एका गटाने बायॉस काय काय करतो ते नुसते लिहून काढायचे आणि मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा प्रोग्राम लिहायचा. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांनी आपला संगणक जाहीर केला. (परीक्षेत मुलांनी असे केले असते तर आम्ही शिक्षकांनी काय म्हटले असते, हा प्रश्न मी सोडून देते.) पुढे इतरांनीही हीच वाट धरली, आणि एकाचे कार्ड दुसऱ्याच्या मदरबोर्डवर बसू लागले. सुट्या भागांचा जो जगभरचा बाजार पुढे उभा राहिला त्याचा पाया हा.

आता खेळांचे काम काय, ते बघा. कार्यालयाला पीसीकडून आवाजाची अपेक्षा नव्हती. चूक झाली की "टुक्" वाजले, पुरे. संगीत हवे होते ते खेळणाऱ्यांना. १९८७ साली ॲडलिब नावाचे संगीताचे कार्ड आले आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर काढले. त्यात संगीत होते, माणसाचा आवाज होता, शिवाय जॉयस्टिक जोडायची सोयही त्याच कार्डावर होती, म्हणजे एका खाचेत दोन कामे. हे इतके चालले की पुढे कितीतरी वर्षे दुसऱ्या कंपन्या आपल्या खोक्यावर "साउंड ब्लास्टरशी जुळणारे" असे छापत. चित्रातही तेच. १९८७ च्या व्हीजीए पद्धतीत एका वेळी २५६ रंग दिसू लागले. टाळेबंदाला एवढे रंग कशाला लागतात?

आपल्याकडे नव्वदच्या दशकात शाळांमध्ये संगणक-कक्ष आले, तेव्हाची मुले आता चाळिशीत आहेत. त्यांना "डेव्ह" आणि "प्रिन्स ऑफ पर्शिया" ही नावे सांगितली की चेहरे उजळतात. ते खेळ अगदी साध्या यंत्रावरही चालत. त्यांच्यासाठी कोणाला यादी करावी लागली नाही.

यादीची खरी सुरुवात झाली ती १० डिसेंबर १९९३ रोजी. त्या दिवशी अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअर या लहानशा मंडळीने "डूम" हा खेळ विद्यापीठाच्या एका सर्व्हरवर ठेवला. खेळ हिंसक होता, त्याबद्दल मला प्रेम नाही. पण त्यात खोलीतून खोलीत चालत गेल्याचा भास होई, आणि तो भास निर्माण करायला प्रोसेसरला प्रत्येक ठिपक्याचा रंग स्वतः काढावा लागे. गणिताच्या बाईंच्या थाटात मांडते : ३२० गुणिले २०० म्हणजे ६४,००० ठिपके, सेकंदाला जास्तीत जास्त ३५ चित्रे, म्हणजे दर सेकंदाला २२ लाख ४० हजार ठिपके. ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी मेमरी असेल तर खेळ सुरू होई, पण अडखळत. ४८६ असेल तर धावे. तेव्हा त्या काळी यादीतला मोठा आकडा प्रोसेसरसमोर टाकावा, हे शहाणपण.

तीनच वर्षांत, १९९६ च्या जूनमध्ये, त्याच मंडळींचा "क्वेक" आला आणि शहाणपणाला पोटकलम जोडावे लागले. त्या वेळी सायरिक्स कंपनीचे प्रोसेसर कार्यालयीन कामाच्या चाचण्यांत इंटेलच्या पेंटियमच्या तोडीस तोड, काही वेळा सरसही ठरत, आणि स्वस्त असत. पण क्वेकमध्ये दशांश अपूर्णांकांची गणिते भरमसाट होती, आणि त्या गणितात पेंटियमचा हात सफाईदार, सायरिक्सचा जड. खेळ लिहिणाऱ्यांनी पेंटियमची ही खुबी नेमकी हेरून वापरली होती. ज्याने किंमत आणि पत्रे टाइप करायचा वेग पाहून यंत्र घेतले, त्याचा मुलगा हिरमुसला. प्रोसेसर वाईट नव्हता. तो दुसऱ्या विषयात हुशार होता, एवढेच. वर्गात चाळीस वर्षे असे विद्यार्थी पाहिल्यामुळे मला हे लगेच पटते.

त्याच १९९६ साली थ्रीडीएफएक्स या कंपनीचे वूडू कार्ड आले आणि यादीची सारी मांडणीच फिरली. हे कार्ड विचित्र होते. ते फक्त त्रिमिती चित्रे काढी. साध्या कामासाठी दुसरे कार्ड लागेच, आणि त्या कार्डातून निघालेली वायर वूडूच्या पाठीतून फिरवून मॉनिटरला न्यावी लागे. म्हणजे पत्रे लिहिताना, हिशेब करताना हे महागडे कार्ड स्वस्थ बसून राही! केवळ खेळासाठी घेतलेली अशी वस्तू मध्यमवर्गीय घरात आणायची म्हणजे धाडसच. पण १९९७ च्या जानेवारीत क्वेकची त्याच्यासाठी केलेली आवृत्ती आली आणि लोक बघतच राहिले. मघाच्या ६४,००० ऐवजी ६४० गुणिले ४८०, म्हणजे ३ लाख ७ हजार २०० ठिपके, आणि भिंतींवरचे चौकोनी चट्टे जाऊन गुळगुळीत पृष्ठभाग.

हे कसे जमले? समजा वर्गाच्या फळ्यावर हजार चौकोन आहेत आणि ते रंगवायचे आहेत. गणितात पीएच.डी. केलेला एक विद्वान बोलावला तर तो एकामागून एक चौकोन रंगवत बसेल. त्याऐवजी चौथीची चाळीस मुले फळ्याला भिडवली तर काम केव्हाच आटोपेल. चौकोन रंगवायला विद्वत्ता लागत नाही, हात लागतात, आणि एका चौकोनाचे दुसऱ्यावाचून अडत नाही. प्रोसेसर हा तो विद्वान, ग्राफिक कार्ड म्हणजे तो वर्ग. १९९९ मध्ये एनव्हीडिया कंपनीने जीफोर्स २५६ काढून "जीपीयू" हे नाव रूढ केले, तेव्हा त्या वर्गात एका वेळी चार ठिपके रंगवण्याची सोय होती. २०१० च्या जीटीएक्स ५८० मध्ये गणित करणारे ५१२ हात झाले, २०२० च्या आरटीएक्स ३०८० मध्ये ८,७०४. पट वाढत गेला म्हणायचा.

माझ्या भाच्याने यादी केली ती नेमकी या उलथापालथीच्या काळात, १९९८ च्या दिवाळीत. त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या भावाने, चाळीस हजार कबूल केले होते आणि सोबत देखरेखीला मला पाठवले होते. डोंबिवलीहून लोकलने दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडचे नाव कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड लॅमिंग्टन काही लोकांच्या तोंडून जात नाही. अरुंद जिने, पोटमाळ्यावरची दुकाने, काचेखाली हिरव्या पट्ट्या. भावाने बजावले होते की प्रोसेसर पेंटियम टू-च हवा, जाहिरातीत तोच येतो. भाचा म्हणाला, "आत्या, सेलेरॉन घेऊ. उरलेले पैसे कार्डात घालू."

त्याने लोकलमध्ये मला जे समजावले ते आजही आठवते, कारण ते शुद्ध त्रैराशिक होते. त्या ऑगस्टमध्ये आलेल्या सेलेरॉन ३००ए चा वेग मदरबोर्डच्या वेगाच्या साडेचार पट. मदरबोर्ड ६६ ने चालला तर साडेचार पट म्हणजे ३००. पण मदरबोर्ड १०० ने चालवला तर? ४५०. तेवढाच वेग त्या वेळच्या सर्वात महाग पेंटियम टू-चा, आणि किमतीत काही पटींचा फरक. शिवाय या स्वस्त चिपच्या पोटात १२८ केबीची छोटी, पण पूर्ण वेगाने चालणारी साठवण होती. पेंटियम टू-ची साठवण चौपट, पण निम्म्या वेगाची. इंटेलने असे करायला सांगितले नव्हते, आणि प्रत्येक चिप तो ताण सोसेलच अशी हमीही नव्हती. दुकानदार मिश्कील हसला, म्हणजे असे मागणारा हा पहिला पोरगा नव्हता. मॉनिटर लहान घेतला, हार्ड डिस्क लहान घेतली, आणि वाचलेल्या पैशांत वूडू कार्ड आले. चिपने ताण सोसला. भाऊ मात्र वर्षभर "पेंटियम नाही तो नाहीच" म्हणत राहिला!

त्या यादीत एक ओळ मात्र कोणी लिहिली नव्हती : वीज. कॅबिनेटसोबत "फ्री" मिळणारा पॉवर सप्लाय त्या काळी कोणी विचारातच घेत नसे. शेजारच्या एका मुलाने पुढे मोठे कार्ड घातले, आणि खेळ रंगात आला की यंत्र आपोआप बंद पडू लागले. दुकानदाराने (नाव कशाला घ्यायचे) आधी कार्ड, मग मदरबोर्ड, मग मेमरी बदलायला लावली. दोष निघाला त्या फुकटच्या डब्यात. त्यावर छापलेले वॅट आणि प्रत्यक्ष मिळणारे वॅट यांची गाठभेट कधी झालीच नव्हती. १९८१ च्या आयबीएम पीसीचा अख्खा पॉवर सप्लाय ६३.५ वॅटचा होता. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० या एकट्या कार्डाला ४५० वॅटपर्यंत वीज लागते. तेवढी वीज खाल्ली की तेवढी उष्णताही बाहेर पडणार, आणि ती काढायला कॅबिनेटमध्ये हवा खेळती हवी. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत तर हवीच.

ज्या थ्रीडीएफएक्सने हे युग आणले ती कंपनी चार वर्षांतच मागे पडली. डिसेंबर २००० मध्ये तिची मालमत्ता घ्यायचे एनव्हीडियाने ठरवले. इतिहासात राज्य स्थापणारे घराणे आणि ते उपभोगणारे घराणे नेहमी एकच असते असे नाही.

आता या कथेचे शेवटचे वळण. २००१ पासून या कार्डांना थोडे थोडे शिकवता येऊ लागले, म्हणजे ठिपका कसा रंगवायचा याचे नियम खेळ लिहिणाऱ्याला स्वतः देता येऊ लागले. मग संशोधकांच्या मनात आले, एवढे हात आहेत तर त्यांच्याकडून रंगवण्याऐवजी दुसरी गणिते का करून घेऊ नयेत? २००७ मध्ये एनव्हीडियाने त्यासाठी कुडा ही सोय खुली केली. आणि २०१२ साली टोरोंटो विद्यापीठातल्या ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्सकेव्हर आणि त्यांचे गुरू जेफ्री हिंटन यांनी संगणकाला चित्रे ओळखायला शिकवण्याची स्पर्धा मोठ्या फरकाने जिंकली. बारा लाख चित्रांवर त्यांनी आपला प्रोग्राम शिकवला तो कुठल्या महासंगणकावर? जीटीएक्स ५८० या दोन कार्डांवर, पाच-सहा दिवसांत. हीच ती दुकानात गेम खेळणाऱ्या मुलांसाठी ठेवलेली कार्डे. आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला आहे तिची मोठी उडी तिथून. हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

म्हणजे पंधरा-सोळा वर्षे जगभरच्या मुलांनी खाऊचे पैसे साठवून, आई-बापांशी हुज्जत घालून जी कार्डे घेतली, त्यांच्या पैशावर हे यंत्र वाढले. "खेळाने कोणाचे भले झाले?" असे विचारणाऱ्यांना हे ऐकवावेसे वाटते.

पण ज्याच्या पैशावर वाढले त्याच्याच हातून ते निसटू लागले आहे, आणि माझ्या मनाला लागते ते हेच. २०२०-२१ मध्ये इथेरियम नावाचे आभासी चलन कार्डांवर गणिते करून मिळवता येई, म्हणून लोकांनी ती घाऊक उचलली आणि खेळणाऱ्याला ती दुकानात दिसेनाशी झाली किंवा भलत्या भावाने मिळू लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाने पद्धत बदलली तेव्हा ते संकट ओसरले. तोवर दुसरे गिऱ्हाईक दारात उभे होते. जानेवारी २०२३ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हीडियाची डेटा सेंटरसाठीची विक्री खेळांसाठीच्या विक्रीच्या बरीच पुढे गेली होती. २०२५ च्या अखेरीस तर साध्या रॅमचे भाव कडाडले, कारण मेमरी बनवणारे कारखाने डेटा सेंटरच्या मागणीकडे वळले. त्या डिसेंबरमध्ये मायक्रॉनने किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा आपला क्रूशल हा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले.

माझ्या नातवाने याच काळात यादी केली. तो सतरा वर्षांचा आहे. त्याने आधी मॉनिटर ठरवला, आणि हे मला फार आवडले. आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. सेकंदाला साठ चित्रे धरली तर १२ कोटी ४४ लाख ठिपके, डूमच्या पंचावन्न पट. "फोर-के घेतला असता तर ठिपके बरोबर चौपट झाले असते, आजी, आणि मग कार्डही त्या मापाचं लागलं असतं," तो म्हणाला. म्हणजे मोह पडद्यापाशीच आवरला. मग आपले खेळ कोणते हे पाहून मधल्या किमतीचे कार्ड, त्याला अडवणार नाही इतपत मागच्या पिढीचा प्रोसेसर, मेमरीच्या एका मोठ्या पट्टीऐवजी दोन छोट्या, कारण दोन वाटांनी माहिती लवकर पोचते. रंगीत दिवे खोडले. पॉवर सप्लाय मात्र चांगल्यातला. रॅमचा भाव पाहून दोन महिने थांबला, तरी तो उतरला नाही, तेव्हा हार्ड डिस्क जुन्या यंत्रातली काढून लावली आणि बेरीज जमवली. एक भाग दुसऱ्याला अडवत असेल तर महागडा भाग घेऊन उपयोग नाही, हे तत्त्व त्याला कोणी शिकवले नाही. पैसे मोजके असले की ते आपोआप कळते.

पंचेचाळीस वर्षांत यादीतली दुर्मीळ ओळ बदलत गेली. कधी रंग, कधी आवाज, कधी प्रोसेसर, मग कार्ड, मग वीज, आता मेमरी. निवडणाऱ्याचे काम एकच राहिले : आपल्या कामात नेमके काय अडते ते ओळखायचे, तिथे पैसा घालायचा आणि बाकीचा मोह सोडायचा. पण त्यासाठी यंत्र उघडे असावे लागते आणि सुटे भाग दुकानात मिळावे लागतात. आज कितीतरी लॅपटॉपमध्ये मेमरी मदरबोर्डवरच डकवलेली असते, वाढवू म्हटले तरी वाढत नाही. मोबाइल तर उघडायचाच नाही. त्यात सुटे भागही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले तर संगणकाचेही फ्रिजसारखे होईल : दिला तसा घ्यायचा, बिघडला की टाकायचा. १९८१ साली घाईघाईत उघडे राहिलेले ते दार मुद्दाम कोणी बंद करायला नको, वापर थांबला की बिजागऱ्या आपोआप गंजतात.

म्हणून माझी नात्यातल्या सगळ्या आई-बाबांना विनंती आहे. मुलाने अशी यादी समोर ठेवली तर लगेच शेवटच्या बेरजेवर जाऊ नका. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून "हे का?" म्हणून विचारा. उत्तर आले तर त्याने अभ्यास केला आहे असे समजा, मग पैसे द्यायचे की नाहीत ते तुम्ही ठरवा. तुमच्या घरातल्या यादीत कोणत्या ओळीवर सर्वात जास्त वाद झाला होता, तेही जरूर कळवा.